शर्यतीच्या सकाळी सोललेला लसूण

सुनेचा टी-शर्ट धुवायला घेतला आणि माझा हात थांबला.

घरातलं धुणं माझ्याकडंच असतं. मशीन आहे, पण घामाचे कपडे मी आधी दगडावर काढते, सवयच आहे तशी. त्या दिवशी सून एकवीस किलोमीटर पळून आली होती. एकवीस म्हणजे आमच्या चिकलठाण्याहून शेंद्र्याला जाऊन परत यायचं. एरवी रविवारी ती दहा-बारा किलोमीटर पळून आली तरी पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा असायच्या, काखेत कापड ताठ झालेलं असायचं. आणि हा टी-शर्ट मऊ. नाकाला लावून बघितला तर कपाटाचा वास आणि थोडी पावडर. छातीवर नंबराचा कागद चार पिनांनी टोचलेला, तोसुद्धा कोरा करकरीत.

मी पिना काढून डबीत ठेवल्या. टी-शर्ट भिजवला. कुणाला काही बोलले नाही.

बाहेरच्या खोलीत तेव्हा पेढे वाटणं चाललं होतं.

सून शेंद्र्याला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. चाळिशीला आली तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, साखर काठावर आहे, चालत जा. ती चालायला लागली आणि चालता चालता पळायलाच लागली. तिच्या माहेरी मेंढरं, माझ्याही माहेरी मेंढरं. आम्हाला अंतराचं कधी काही वाटलं नाही. कारखान्यातल्या दोघींनी शर्यतीला नाव दिलं म्हणून तिनंही दिलं. आणि मग आम्ही घरच्यांनी घोळ घातला.

आमच्यात कुणी मोठ्या कामाला निघालं की ओवाळतात, कुंकू लावतात, हातावर दही-साखर देतात. परीक्षा असो, भरती असो. मीच हौसेनं गल्लीत सांगून आले होते. पहाटे साडेचारला दारात नऊ-दहा बाया. तिचा भाऊ वैजापूरहून आदल्या दिवशीच येऊन राहिलेला, सोबत झेंडूचा हार. माझा लेक मोबाईलवर शूटिंग करत होता, इकडं बघ, जरा हस म्हणून. एकेकीनं ओवाळायचं आणि एकेकीनं सांगायचं, गल्लीचं नाव काढ, नंबर आण. ती पाटावर बसलेली, मांडीवरचे हात घट्ट धरलेले. दही-साखर तोंडात घेतली आणि उठून तडक मोरीत गेली. बाहेर आली तर तोंड पांढरं. आम्ही म्हटलं, झोप झाली नसेल. भावानं हार घातला, मोटारसायकलवर बसवलं आणि मैदानाच्या फाटकाशी सोडून आला.

दहाला ती रिक्षानं परत आली. पळाले म्हणाली. पुरं केलं म्हणाली. मग मेडल कुठं, तर मेडलं संपली म्हणे. झालं, भावानं त्या मेडल वाटणाऱ्यांच्या बापजाद्यांचा उद्धार केला.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण भावानं ही गोष्ट वैजापूरला नेली. आमच्या शेजारणीनं संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिला शाल दिली, नारळ दिला, आणि चार शब्द बोल म्हणाली. सून उभी राहिली आणि म्हणाली, काय बोलू, पळाले. सगळ्या हसल्या, केवढी साधी बाई म्हणून. मी तिच्या हाताकडं बघत होते. शालीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही विचारलं. सांगते.

माझा जन्म निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली लासूर स्टेशनजवळच्या एका वस्तीवरचा. मी सात वर्षांची झाले तेव्हा बापानं मला स्टेशनच्या शाळेत घालायचं ठरवलं. आधी तिथं उर्दू चालायची, आता मराठी झाली होती, म्हणून त्याला वाटलं पोरीला चार अक्षरं यावीत. आईनं नवा परकर शिवला. वस्तीतल्या बायांनी कुंकू लावून पाठवलं. मी शाळेच्या दारापर्यंत गेले, आतून पोरांचा पाढे म्हणायचा आवाज आला, आणि मी तशीच मागं फिरले. दिवसभर बाभळीखाली बसले. घरी सांगितलं, गुरुजी म्हणाले मुली घेत नाही. बापानं ते खरं धरलं. शाळेला शिव्या दिल्या आणि मला परत मेंढरांमागं घेऊन गेला. मी वाचायला शिकले ती लेकाच्या पाटीवर, लग्नानंतर. पण त्या गुरुजींवर मी घातलेला आळ तसाच राहिला. बाप गेला तरी मी त्याला खरं सांगितलं नाही. म्हणून सुनेचा कोरडा टी-शर्ट हातात घेतला तेव्हा मला राग नाही आला. मला ती बाभळ आठवली.

वर्ष गेलं. सून पुन्हा पळायला जात होती, सोळा-अठरा किलोमीटर करत होती, टी-शर्ट मिठानं ताठ होत होते. म्हणजे पायात दम होता, त्यात शंका नाही. शर्यतीचे फॉर्म निघाले तेव्हा आधी नको म्हणाली. शेवटच्या दिवशी मला न सांगता भरून आली. आणि शर्यत आठ दिवसांवर आल्यापासून पुन्हा तेच. ताटात भाकरी तशीच. बूट काढायचे, नाडी सोडायची, पुन्हा ओवायची. भाजी फोडणीला टाकून तिथंच उभी, करपली तरी कळायचं नाही. मला दिसत होतं, ह्या खेपेलाही ही फाटकातून परत आली तर पळणंच सोडून देईल. मग जन्मभर ती शाल कपाटात बघत बसेल.

मी माझ्या बापाचं आठवलं. लासूरला आमच्या रानाच्या मधून रेल्वेची लाईन गेलेली. रोज मेंढरं पलीकडं न्यायची. मेंढरू रुळाला आणि खडीला लई बुजतं. शेजारचा एक मेंढका मागून काठी आपटायचा, ओरडायचा, मग त्याचा कळप फुटायचा, चारी दिशांना. माझा बाप लाईनीच्या अलीकडं थांबायचा. लाईनीकडं पाठ करून खाली बसायचा, बिडी काढायचा, जसं काही आज कुठं जायचंच नाही. मेंढरांनी माना खाली घातल्या, गवताला लागली, की हळूच उठायचा आणि मागं न बघता चालायला लागायचा. सगळी त्याच्या मागं. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, त्यांना कळू द्यायचं नाही की आज काही विशेष आहे.

आम्ही मागच्या वर्षी मागून काठ्या आपटल्या होत्या, ओवाळून.

मग मी पहिलं काम केलं ते खोटं बोलायचं. गल्लीत, लेकाला, वैजापूरला फोन करून, सगळ्यांना सांगितलं की शर्यत पुढच्या रविवारी गेली. शनिवारी संध्याकाळी सून ओट्याशी उभी होती. मी तिला म्हटलं, उद्या पहाटे आपण दोघी जाधववाडीच्या मंडईला जाऊ.

“आत्या, उद्या माझी...” सासूला आमच्यात आत्याच म्हणतात.

“उद्या मंडई,” मी म्हटलं. “लेकाला तसंच सांगितलंय. पंजाबी ड्रेस घाल वरून. थंडी लई हाय.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी मेथी निवडायला घेतली आणि तिच्याकडं बघितलंच नाही. थोड्या वेळानं तिनं भाकरीचा तुकडा मोडला. अर्धी खाल्ली.

पहाटे आम्ही दोघी रिक्षात बसलो, माझ्या हातात मंडईची पिशवी. मैदान गारखेड्याकडं आहे. तिथं एवढे दिवे, एवढा गोंगाट, स्टेजवर दोघं जण उड्या मारत होते आणि खाली हजारभर माणसं तशाच उड्या मारत होती. सुनेचं पाऊल फाटकातच जड झालं. माझा दंड धरला तिनं. मी म्हटलं, चल, भिंतीशी बसू. बसलो. मी अंगावरची शाल पसरली, पिशवीतून दोन किलो लसूण काढला आणि अर्धा तिच्यापुढं ओतला.

“हे काय?”

“लोणचं घालायचंय. घरी नेऊन कुठं बसू सोलत. मोठ्या पाकळ्या वेगळ्या काढ.”

ती हसली नाही, पण एक गड्डी हातात घेतली. लसूण सोलायला नखं लागतात, नजर लागते. दहा पाकळ्या झाल्या तेव्हा तिचा श्वास जरा खाली गेला. समोरून चकचकीत कपड्यातली माणसं जात होती आणि आमच्याकडं वळून बघत होती. एक कॉलेजची पोरगी, छातीला नंबर, जवळ येऊन उभी राहिली. तिची हनुवटी थरथरत होती. म्हणाली, आजी, मी पण सोलू का? मी म्हटलं, ये बाई, लोणचं मोठं हाय. मग तिघी सोलत बसलो. पोरगी म्हणाली, माझी आई म्हणती मला लसूणसुद्धा सोलता येत नाही. मी तिची पाकळी हातात घेऊन बघितली आणि म्हटलं, आई खोटं नाही बोलत. तेव्हा सुनेला हसू आलं, चांगलं मोठं.

पोरगी नाडी बांधायला जरा बाजूला गेली. सून पाकळीकडं बघत म्हणाली, “आत्या, गेल्या साली मी पळालेच नव्हते.”

“मला ठाऊक हाय.”

“कवापासून?”

“त्याच दिवशीपासून. टी-शर्ट कोरडा व्हता.”

तिच्या हातातली पाकळी खाली पडली. “मग बोलल्या का नाय?”

मी तिला शाळेचं सांगितलं. परकराचं, पाढ्यांच्या आवाजाचं, बाभळीचं, गुरुजींवर घातलेल्या आळाचं. ह्यातलं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, लेकालासुद्धा नाही. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “दुसऱ्या दिवशी का नाय गेल्या?”

“दुसऱ्या दिवशी कुणी माझ्यासंगं आलं नाय,” मी म्हटलं. सालं लागलेल्या हातानंच तिनं माझा हात धरला. सासू-सुना वीस वर्षं एका घरात राहतो, पण असा हात आम्ही पहिल्यांदाच धरला असेल.

स्टेजवरून एकवीसवाल्यांना बोलावलं. मी गुडघे धरून उठले. लसूण पिशवीत भरला आणि रेषेकडं चालायला लागले. चालता चालता, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, बोलत राहिले की लोणच्याला मेथी भाजावी लागेल, बरणी उन्हात ठेवावी लागेल, लिंबं आणायची राहिलीत. मागं बघितलं नाही. मला फार वाटत होतं बघावं. बाप कसा न बघता चालायचा, ते मला त्या दिवशी कळलं, किती अवघड आहे ते. दोरीपाशी पोहोचले तेव्हा माझ्या पदरात काहीतरी पडलं. वरचा पंजाबी ड्रेस होता. घडी करून दिलेला.

ती दोरीच्या आत गेली होती. मग सगळी निघाली, आणि एवढ्या पाठींमध्ये मला तिची पाठ काही ओळखू आली नाही.

मी भिंतीशी येऊन राहिलेला लसूण सोलला. ऊन आलं. पहिले परत आले, टाळ्या झाल्या. ती कॉलेजची पोरगी आली, लंगडत, मला मिठी मारून गेली. माणसं कमी होत गेली. लसूण संपला. फाटकाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दर दोन मिनिटाला बघत होते की ही तिकडून रिक्षानं तर येत नाही. मग सफाईवाल्या बाया रिकामे ग्लास गोळा करायला लागल्या तेव्हा रस्त्याच्या वळणावर ती दिसली. पळत नव्हती, पळण्यात आणि चालण्यात जे काही असतं ते करत होती. तोंड लालभडक. रेषा ओलांडली, एका माणसानं गळ्यात मेडल घातलं, तिनं ते बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्यापाशी आली, खाली बसली आणि म्हणाली, “आत्या, हाताचा लसणाचा वास अजून गेला नाय. सगळ्या वाटंनं नाकाशी धरत आले.”

घरी लेकानं दार उघडलं तर गळ्यात मेडल. तिनं त्याला तिथंच सगळं सांगितलं, ह्या सालचंही आणि गेल्या सालचंही. त्यानं आत जाऊन तिच्यासाठी पाणी तापत ठेवलं. त्या दोघांचं पुढं काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

पण मी एक विसरले होते. पुढच्या रविवारी पहाटे साडेचारला दार वाजलं. शेजारीण ताट घेऊन उभी, मागं सगळी गल्ली, आणि वैजापूरहून भाऊ, हारासकट. माझंच खोटं दारात आलेलं. मी काय बोलावं विचार करत होते, तोवर सून झोपेतून उठून आली आणि उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांना सांगून मोकळी झाली. शर्यत झाली म्हणून. आणि गेल्या साली मी फाटकातून परत आले होते, भ्याले होते म्हणून.

भावाचा हार हातातच राहिला. मग तो म्हणाला, “ताई, म्हंजे मेडलं संपली नव्हती व्हय? मी त्या लोकायला लई बोललो.”

“ते मी बोलायला लावलं तुला,” ती म्हणाली.

शेजारणीनं ताटाकडं बघितलं. निरांजन पेटलेलं होतं, दही-साखर वाटीत होती. आता हे काय करायचं, असं ती हळूच मला विचारायला लागली. सुनेनं मधेच हात पुढं केला, दही-साखर घेतली, उभ्या उभ्या खाल्ली, आणि तळहात चाटून म्हणाली, अजून द्या थोडी.