हाबर्लीणीच्या कुरणाखाली

वाल्बुर्गा हाबर्लला गावात सगळे हाबर्लीण म्हणायचे. तिचं आणि माझं कुरण लागून होतं, त्यामुळे तिचा संशयी स्वभाव माझ्याइतका कोणी सोसला नसेल. दूध नेणारा मापात मारतो, पाद्रीबाबा घरचं जेवण थंड होईल म्हणून प्रवचन आवरतं घेतात, आणि मी तिच्याकडे येते ती चुलीवर काय आहे ते बघायला. शेवटचं थोडंफार खरं होतं.

लग्नानंतर ती खाली पासाऊ शहराकडे राहायची. नवरा आलोइस तिथल्या एका ग्राफाइटच्या खाणीत होता. पेन्सिलीत असतं तेच ग्राफाइट. अभ्रे कितीही उकळले तरी करडेच राहायचे, असं ती सांगे. पुढे तो खोकायला लागला. खाणीचा डॉक्टर बॅग घेऊन आला, छाती ऐकली आणि म्हणाला, "सिगारेट सोडा." आलोइस सिगारेट ओढत नव्हता. आलोइस वारल्यावर ती माहेरी, इथे चेक सरहद्दीजवळ, बापाच्या शेतावर परत आली. त्यानंतर बॅगवाल्या माणसावर तिने कधी भरवसा ठेवला नाही.

पुढे कित्येक वर्षांनी सरकारने आमच्या गावापलीकडे जमिनीत खोलच खोल भोक पाडायला घेतलं. खालचा दगड कसा आहे ते बघायचंय म्हणाले. तेव्हाच शेजारच्या जंगलात अणुइंधनाच्या कारखान्यावरून लोक पोलिसांशी भिडत होते. मग नुसता दगड बघायला एवढा खर्च कोण करेल? अणूचा कचरा पुरायची जागा शोधतायत, असं अर्धं गाव म्हणत होतं. हाबर्लीण त्या अर्ध्यात सर्वात पुढे.

अशात त्या खोदाईवरचे शास्त्रज्ञ, डॉक्टर ल्यूडर्स, तिच्या दारात आले. उत्तरेकडचे, उंच, आणि हातात बॅग.

"हाबर्लबाई, तुमच्या कुरणात गुडघाभर खोलीचे खड्डे घ्यायचेत. जमिनीतून आपसूक हलकी वीज वाहते, ती मोजू. तेवढे दिवस गुरांच्या कुंपणातली वीज बंद ठेवलीत तर बरं होईल, तिचा अडथळा होतो."

"आणि गाई कोण राखणार? तुम्ही?"

ते हसले. "खूप खाली वीज फार सहज वाहतेय, बाई. कोरड्या दगडातून ती अशी जायला नको. खाली काहीतरी आहे."

"काय?"

"तेच कळत नाही. खारं पाणी असेल, नाहीतर ग्राफाइट."

तिने दार लावून घेतलं. मग तडक माझ्याकडे आली.

"रोझल, आलोइसबद्दल त्याला तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?"

"मग नेमकं ग्राफाइटच कसं आलं त्याच्या तोंडात? पुरायचंय भलतंच, आणि माझं दुखणं पुढे करून आत शिरायचंय."

मी माझ्या कुरणात खड्डे घेऊ दिले, तर ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खोदाईची जागा गावकऱ्यांना दाखवायला खुली केली. हाबर्लीण सणाचा पोशाख घालून माझ्या दारात उभी. "चल. ते काय लपवतात ते मी ओळखेन, पण साक्षीला कोणी हवं."

एका टेबलावर खालून काढलेले दगडाचे दंडगोल मांडले होते. एकावर काळा, चकचकीत पट्टा होता. तिने त्यावर अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

"हे तुम्ही वरून फासलंय," ती म्हणाली.

लोक हसले. ल्यूडर्स हसले नाहीत. "आमच्यातही काहींना हीच शंका आहे. यंत्राच्या वंगणातलं तर नसेल ना, म्हणून. थांबा." त्यांनी दुसरा दंडगोल आणला, तिला सगळीकडून पुसायला लावला आणि हातोडीने फोडला. दगड जुन्या चिरेवर उघडला. आत काळी, गुळगुळीत साय धरली होती.

"दगड दगडावर घासला त्या चिरेत हे पसरलंय. कण सुटे असते तर वीज अडली असती. पापुद्रा सलग आहे, म्हणून जाते."

"म्हणजे खोलवर हेच आहे?"

"भोक पोचलंय तिथवर आहे. आमचं मोजमाप दाखवतं ते याच्याही खाली, तिथवर कोणी पोचलेलं नाही. तिथे पाणीही निघेल. मला ठाऊक नाही."

तिने फुटलेला तुकडा उचलून हातात घेतला. मग हलकेच विचारलं, "याची धूळ माणसाच्या छातीत गेली तर?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "वर्षानुवर्षं गेली तर फुफ्फुसं निकामी होतात. खाणीतल्या माणसांना होतं तसं. कोणाला झालं?"

"सिगारेट न ओढताही होतं?"

"न ओढताही होतं, बाई."

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. मी बिअर आणून ठेवली, पण तिने हात लावला नाही.

"रोझल, मी त्याचे खिसे हुंगायचे," ती म्हणाली. "तो खोकत पडलेला असायचा आणि मी कोटाचे खिसे हुंगायचे. डॉक्टर बोलतोय म्हणजे लपूनछपून ओढत असेल, असं वाटायचं. शेवटपर्यंत त्याचं खरं मानलं नाही मी."

मी तिच्याजवळ बसून राहिले.

दुसऱ्या आठवड्यात तिने ल्यूडर्सना खड्डे घ्या म्हणून निरोप धाडला आणि कुंपणाची वीज बंद केली. खड्ड्यात जाणारी प्रत्येक वस्तू मात्र आधी तिच्या हाती द्यावी लागे. वीज मोजायला पुरायचं मातीचं एक छोटं भांडं तिने उपडं करून हलवून बघितलं, आतलं मीठपाणी त्यांच्या बुटांवर सांडलं. ते निमूटपणे पुन्हा भरायला गेले.

शरद ऋतूत ती पासाऊकडे आलोइसच्या थडग्यावर जाऊन आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाई मी सांभाळल्या. तिथे काय बोलली ते तिने सांगितलं नाही. आल्या आल्या आधी गोठ्यात फिरून सगळं जागच्या जागी आहे ना ते बघितलं, आणि मग मला कॉफीला हाक मारली.