बापाने केलेली रिंग

आमचे हे वेल्डर. गेट, जाळ्या, जिन्याचे कठडे, काहीही सांगा. यांच्या कामात फट म्हणून सापडायची नाही. त्याचा केवढा तो तोरा! शेजाऱ्यांच्या गेटवरून हात फिरवत घरी यायचे आणि मला ऐकवायचे, "कागदसुद्धा सरकत नाही बघ." मी म्हणायची, कागद सरकवायला गेट कोण करून घेतं? पण माझं ऐकतंय कोण!

लेकीचं लाडाचं नाव चिमणी. ठेवलं तेव्हा शोभत होतं, आता दारातून वाकून आत येते. तिला बास्केटबॉलचं वेड लागलं, तशी यांनी मागच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने रिंग करून बसवली. भांड्याला झाकण बेतावं तसं चेंडूचं माप घेतलं आणि लोखंड वाकवलं. चेंडू त्यातून असा अलगद उतरायचा की येईल त्या पाहुण्याला हे आधी अंगणात न्यायचे, चहा मागाहून.

मग सुरू झाला तो वाद. चिमणीने खेळायचं कुठे? शाळेचे सर म्हणायचे, उंची आहे, रिंगखाली उभी राहू दे. यांचंही तेच. "दुरून मारते ते सगळं बाहेर जातं. नेमच नाही हिला," असं हे सरांना सांगायचे, तेही पोरीच्या देखत. मग माझं डोकं फिरायचं. अहो, काडीसारखी पोर ती! रिंगखाली धिप्पाड पोरी तिला कोपरं मारतात. तिला आवडतं दुरून मारायला, मारू द्या की! तर म्हणे, "तुला त्यातलं काय कळतं?" नाही कळत. पण तिच्या बरगड्यांवरचे काळेनिळे डाग मला दिसतात ना! चिमणी मात्र ताटातलं चिवडत मुकाट बसायची.

रविवारी मोठ्या संघाची निवड होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. दोन दिवस आधी सर घरी आले, चेहरा पाडून. "रिंगखाली ही टिकत नाही हो. आणि दुसरीकडे खेळवू कुठे? नाव लागेल असं काही मला वाटत नाही."

यांनी चपला पायात सरकवल्या. मग सवयीने म्हणाले, "बरं, आमची रिंग तरी बघून जा."

चिमणी अंगणातच होती. पार कुंपणापाशी उभी राहून मारत होती. एक चेंडू बाहेर गेला. दुसरा कडेवर आपटून उडाला. हे चुकचुकले. तिसरा आत. सर वर बघतच राहिले आणि त्यांना हसू फुटलं. "अहो, ही रिंग आहे की बांगडी? खऱ्या रिंगेत असे दोन चेंडू जवळजवळ शेजारी शेजारी मावतील!" मग एकदम गंभीर झाले. "आणि एवढ्याशा रिंगेत ही कुंपणापासून टाकते? तुम्ही म्हणालात नेम नाही, म्हणून शाळेत मी हिला दुरून मारूच दिलं नाही."

हे चेंडू घेऊन स्टुलावर चढले, तो रिंगेत धरून पाहिला आणि खाली उतरून पायरीवर मटकन बसले. त्यांच्याकडे मला बघवेना, म्हणून मी पोरीवरच घसरले. "अगं, शाळेतली रिंग तू रोज बघतेस. तुला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस गं बये?"

तिने बापाकडे पाहिलं. "बाबा सगळ्यांना बोलावून दाखवायचे ना."

माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढे टोमणे, एवढा मार त्या पोरीने खाल्ला, का, तर बापाचा हिरमोड होऊ नये! मला रडूच कोसळलं. हे उठले. तिला जवळ घ्यायचं तर यांना पायरीवर चढावं लागलं. चढले, आणि तिचं डोकं खांद्यावर घेऊन बराच वेळ थोपटत राहिले. मग तिच्या केसांवरून सरांकडे बघून म्हणाले,

"रविवारी हिला दुरून खेळवा, सर. कुणी विचारलं तर सांगा, पोरीचा नेम पक्का आहे. माप बापाचं चुकलं."