उज्जैन ते इंदूर, लेकीच्या गाडीतून

साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याची बस लागली, मी चढून खिडकीशी बसलो, तरी माझी पत्नी सुमन खालून सूचना देतच होती.

"देवदर्शन नंतर. आधी तिच्या गाडीत बसा. कशी चालवते ते नीट बघा आणि मला रोज संध्याकाळी फोन करा."

आमची मुलगी मृदुला लग्नानंतर उज्जैनला गेली. जावई रेल्वेत. ती इंदूरच्या अलीकडे एका औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासते. रोज सकाळी गाडीने पन्नास किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी तेवढंच परत यायचं. हा रस्ता अपघातांसाठी बदनाम आहे, असं सुमनला कोणीतरी सांगितलं होतं. त्यातच मृदुलाने गाडीच्या चेपलेल्या दाराचा फोटो चुकून घरच्या ग्रुपवर टाकला आणि सुमनची झोप उडाली. माझी नेमणूक झाली ती यामुळे. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस; पाहणी करून अहवाल देणं हे आयुष्यभर केलेलं काम. शिवाय बत्तीस वर्षं गाडी चालवतोय आणि एक ओरखडा नाही, हे मी ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत कोणालाही सांगतो.

पुण्याहून रेल्वेने दुसऱ्या दिवशी सकाळी उज्जैनला उतरलो. जानेवारीची थंडी होती. मृदुला स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभी होती. मी आधी दार बघितलं. मधोमध चांगला परातीएवढा पोचा पडला होता.

"हे कसं झालं?"

"सांड," ती म्हणाली. (सांड म्हणजे मोकाट वळू. इथे त्यांना नागरिकांचे सगळे हक्क आहेत.) "गाडी रामघाटाजवळ उभी होती, बाबा. मी गाडीत नव्हतेसुद्धा. त्याला पाठ खाजवायची होती."

मी मागे बसलो, तर ती गाडी सुरूच करेना.

"पट्टा लावा."

"मागे कुठे पट्टा लावतात? आणि घर तर फ्रीगंजमध्ये आहे ना, पाच मिनिटांवर?"

"पाच मिनिटांचाच पट्टा लावा मग."

लावला. पुढच्या पाच मिनिटांत एक ई-रिक्षा उलट्या दिशेने आली, फूल-हार घेतलेले चार यात्रेकरू मोबाईलवर नकाशा बघत रस्त्याच्या मधोमध थांबले आणि एक स्कूटरवाला डावा हात दाखवून उजवीकडे वळला. मृदुलाने कोणालाही हॉर्न दिला नाही. ती फक्त थांबत होती. मला वाटलं, एवढं थांबून ही इंदूरला पोचते तरी कधी?

रविवारी तिने मला भैरवगढला नेलं. तिथे लाकडी ठशांनी कापडावर छपाई करतात. एका कारागिराने समोरच्या भिंतीवर टांगलेली चादर दाखवून विचारलं, "बाबूजी, कैसी लगी?" मी म्हणालो, "आंबे फार सुरेख छापलेत." तो जरा घुटमळला आणि नम्रपणे म्हणाला, "मोर हैं, बाबूजी." मृदुला हसली. मीही हसलो. संध्याकाळी सुमनला फोनवर दाराची आणि वळूची हकिगत सांगितली. ती म्हणाली, "उभ्या गाडीलासुद्धा धोका आहे म्हणजे!" अहवालाची सुरुवात काही चांगली झाली नाही.

सोमवारी सकाळी पावणेसातला निघालो. मृदुलाच्या गाडीत रोजचे आणखी दोन प्रवासी असतात. एक मोघेकाका, साठीला टेकलेले, इंदूरच्या एका पेढीवर काम करतात. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले आणि अडीचशे वर्षं इथेच राहिले. दुसऱ्या राठौर मॅडम, वाटेवरच्या सांवेर गावात शाळेत शिकवतात, तिथे उतरतात. मॅडम कमी बोलतात. त्यांचा वाटा मोघेकाका उचलतात.

"या साहेब, या! तुमचीच वाट बघून राहिलो होतो. पोहे खाऊन घ्या, मग निघू. गाडीमध्ये खाणं एकदम बंद आहे. मागच्या वर्षी माझ्या हातातून जलेबी सुटली आणि सरळ ब्रेकच्या खाली. तेव्हापासून मॅडमनी रूलच करून टाकला."

मॅडम म्हणजे मृदुला. नाक्यावरच्या गाड्यावर उभ्याउभ्या पोहे, जिलबी, शेव आणि वर जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला) असं खाल्लं. गाडीत बसल्यावर तिने कापडी बटवा पुढे केला. सगळ्यांचे मोबाईल त्यात गेले, तिचा सगळ्यात आधी. मग चौघांचे पट्टे. मोघेकाकांचा पट्टा अडकत होता; तो लागेपर्यंत गाडी हलली नाही. मग निघालो.

सिंहस्थाच्या तयारीसाठी हा रस्ता रुंद करताहेत. कुठे एक बाजू खणलेली, कुठे मातीचे ढीग, मध्येच सगळी वाहतूक दुसऱ्या बाजूला वळवलेली. दोन्हीकडे हरभरा आणि गहू, अंगावर गोधड्या घेतलेली माणसं, आणि त्या शांत चित्रातून सुसाट धावणारी वाहनं. मृदुला साठच्या वर जात नव्हती. पुढच्या ट्रकमध्ये आणि आमच्यात एवढं अंतर ठेवायची की त्यात कोणीतरी येऊन घुसायचंच. घुसला की ही पुन्हा मागे राहून तेवढंच अंतर करायची.

मी पुढे तिच्या शेजारी बसलो होतो. माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता; माझ्या बाजूला ब्रेक नव्हता एवढंच. तोंडही आपोआप चालत होतं. "हॉर्न दे. आता काढ. काढ की! ट्रॅक्टर आहे, दाब! अगं, डावीकडून बस!" सांवेरला राठौर मॅडम उतरल्या तेव्हा मृदुला माझ्याकडे वळली.

"बाबा, उद्यापासून तुम्ही मागे बसाल?"

माझा चेहरा बघून मोघेकाकांनी मागून धीर दिला. "साहेब, मन छोटं नका करू. मी पण पहिले पुढेच बसत होतो."

मंगळवार, बुधवार मी मागच्या सीटवर मुकाट्याने काढले. संध्याकाळच्या फोनवर मात्र सुमनला सांगितलं, "सांभाळून चालवते, पण हात अजून बसलेला नाही. मी एकदा दाखवलं पाहिजे."

ती संधी गुरुवारी आली. बुधवारी फोडणी देताना तेल उडून मृदुलाचा उजवा तळवा भाजला होता. सकाळी हाताला पट्टी होती आणि कारखान्यात तपासणीला माणसं येणार होती, त्यामुळे सुटी शक्य नव्हती. "आज बसने जाऊ," ती म्हणाली. मी म्हणालो, "बाप घरात असताना बसने? बत्तीस वर्षं..." पुढचं वाक्य तिला पाठ होतं. तिने किल्ली पुढे केली, मागे घेतली आणि मग दिली. का दिली, ते तिने नंतर सांगितलं.

बाहेर धुकं होतं. त्रिवेणीचा पूल ओलांडला तेव्हा क्षिप्रा दिसलीच नाही. मृदुला शेजारी, मोघेकाका आणि राठौर मॅडम मागे. मी खुशीत होतो. पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चाललो की धुक्याचं काही वाटत नाही, असं मी त्यांना समजावूनही सांगितलं. मग ती गाडी वेगाने पुढे निघून गेली आणि तिचे दिवे नाहीसे झाले. मी वेग कमी करायला हवा होता. केला नाही. गाडीत बसलेल्या तिघांना मला काहीतरी दाखवायचं होतं.

"बाबा, उजवीकडे," मृदुला म्हणाली.

"का?"

"बाबा, रस्ता बंद आहे! ब्रेक!"

मी दाबला. पट्टा छातीत रुतला, मागे राठौर मॅडमच्या तोंडून "हे राम" निघालं, गाडी घसरत गेली आणि थांबली. काचेसमोर सिमेंटचा अडथळा होता, पलीकडे खड्डा. तेवढ्यात मागून ब्रेकचा लांबलचक आवाज आला. दुधाचा टँकर. तो आमच्या मागे थांबला तेव्हा त्याचा दिवा आमच्या मागच्या काचेएवढा मोठा दिसत होता. क्लीनरने खाली उडी मारून जे काही ऐकवलं त्याची मराठी मी देत नाही.

कोणाला काही लागलं नव्हतं. मृदुलाने दोन्ही दिवे लुकलुकते ठेवले आणि आम्हाला उतरवून रस्त्यापासून दूर शेताच्या कडेला उभं केलं. पलीकडच्या ढाब्याच्या मालकाने येऊन गाडी मागे घेतली आणि आपल्या अंगणात लावली. मी म्हणालो, "एवढा रस्ता बंद, आणि साधी पाटीसुद्धा लावत नाहीत."

मोघेकाका आपल्या बुटांकडे बघायला लागले. मृदुलाने बोट दाखवलं. पाटी होती. पिवळी, चांगली खाटेएवढी, आणि शेजारी माणसाच्या उंचीचा बाण.

"वाचा," ती म्हणाली.

"जरा जवळ जाऊन..."

"इथूनच."

मी डोळे बारीक केले. "आगे... मंगल भवन है."

"आगे मार्ग बंद है," राठौर मॅडम हळूच म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तशा.

मोघेकाकांना गप्प राहवेना. "साहेब तसे चूक नाही बोलले. अजून चार फूट गेलो असतो, तर आपलं सगळ्यांचं मंगलच होतं."

मला हसू आलं नाही. एक वर्षापूर्वी साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लवकर काढा आणि तोवर गाडी चालवू नका. घरी येऊन मी सुमनला सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. गावातले रस्ते मला पाठ होते; कुठे खड्डा, कुठे गतिरोधक, सगळं अंदाजाने जमायचं. ऑपरेशनची भीती नव्हती. ऑपरेशन होईपर्यंत किल्ली बायकोकडे द्यावी लागेल, म्हणून लपवलं. तिथे शेताच्या कडेला मी हे मृदुलाला सांगितलं.

ती चिडेल असं वाटलं होतं. ती मटकन बांधावर बसली.

"माझ्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी दहा प्रश्न विचारते," ती म्हणाली. "परवा चादरीवरचे मोर तुम्हाला आंबे दिसले तेव्हाच मला शंका आली होती. आज किल्ली देताना विचारणार होते. पण तुम्हीच मला सायकल शिकवलीत. तुम्हाला कसं विचारू? म्हणून नाही विचारलं. आणि ही दोन माणसं माझ्या भरवशावर मागे बसली होती."

मी राठौर मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भाई साहब, हो जाता है. पर दुबारा मत करना." मोघेकाकांची माफी मागायला गेलो तर त्यांनी मिठीच मारली. "अरे साहेब, जाऊ द्या. चाय पिऊ. हात-पाय तर माझे पण थंड पडून गेले आहेत."

ढाब्यावर चहा झाला. त्या दोघांना इंदूरची बस मिळाली. मृदुलाने कारखान्यात फोन करून तपासणीचं काम सहकाऱ्याला दिलं आणि आम्ही बापलेक उज्जैनची बस पकडून परत आलो. बसचा ड्रायव्हर एका हाताने फोनवर बोलत होता. मृदुला उठली, पुढे गेली, त्याला काहीतरी म्हणाली. तो फोन ठेवून गाडी चालवायला लागला. काय म्हणालीस, असं विचारलं तर म्हणाली, "मागे माझे वडील बसलेत, एवढंच."

संध्याकाळी सुमनचा फोन ठरल्या वेळी आला.

"काय म्हणतेय पाहणी?"

"मृदुला उत्तम चालवते. माझ्यापेक्षा चांगली."

"मग आवाज असा का?"

"आज तिच्या गाडीत दुसरा माणूस चालवत होता. धुक्यात. त्याला समोरची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. थोडक्यात वाचले सगळे."

"अगं बाई! कोण हा मेला? आणि मृदुलाने चालवू कसं दिलं? तिला सांगा, त्याच्या हातात पुन्हा गाडी द्यायची नाही. लायसन्स काढून घेतलं पाहिजे असल्या माणसाचं!"

"खरं आहे."

"नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. या वेळी तिला मृदुलाशी बोलायचं होतं, आणि ते बोलणं तासभर चाललं. मला फोन दिला नाही.

शुक्रवारी मृदुला बसने गेली, शनिवारी तिने सुटी घेतली. आम्ही सकाळी रामघाटावर जाऊन बसलो. नदीवर वाफ होती, एक गुरुजी शेकोटीवर हात शेकत होते. रविवारी तिने मला रिक्षाने स्टेशनवर सोडलं आणि मी डब्यात चढल्यावर म्हणाली, "डॉक्टरांची वेळ आईने घेतलीय. बुधवारची." मी मान हलवली.

परतीच्या वाटेवर रतलाम गेलं, बडोदा गेलं, आणि मी माझ्या बत्तीस वर्षांचा विचार करत होतो. एक ओरखडा नाही, हे खरंच. पण त्यातल्या किती वेळा समोरचं कोणीतरी थांबलं म्हणून मी वाचलो असेन, हे मला कळायला मार्ग नाही. मृदुलासारखे, हॉर्न न देता नुसते थांबणारे. त्यांना मी काचेतून हात उडवून शिव्या दिल्या असणार.

साताऱ्याच्या स्टँडवर सुमन उभी होती. मला वाटलं, इथेच सुरू करेल. तिने बॅग घेतली, माझ्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघितलं आणि रिक्षात बसली. रिक्षा सुरू झाली तेव्हा तिने माझा हात धरला. वीस वर्षांत चारचौघांत असा धरला नव्हता. मग पुढे वाकून रिक्षावाल्याला विचारलं, "दादा, तुम्ही डोळे शेवटचे कधी तपासलेत?"

त्याने आरशातून आम्हा दोघांकडे बघितलं. मग वेग कमी केला.