रेषा बुडाली की थांबायचं

डेपोच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रावणातल्या एका सकाळी देवरावदादांचा फोटो आला. मला वाटलं, वाढदिवस असेल. खाली वाचलं... आणि तिकिटाचं मशीन हातात तसंच धरून मी स्टँडवरच्या बाकावर बसले. निवृत्त होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. झोपेतच गेले, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

दर्यापूर–मूर्तिजापूर मार्गावर सहा वर्षं ते ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. एक दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. दोन दिवसांच्या पावसाच्या झडीनं नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून गढूळ पाणी चाललं होतं. दादांनी बस थांबवली आणि चावी काढून खिशात टाकली. मागून आरडाओरडा सुरू झाला. तेवढ्यात समोरून एक ट्रॅक्टर पाणी कापत इकडे आला, तेव्हा तर लोकांनी त्यांना भित्रा ठरवलं. पुलाअलीकडच्याच गावात चढलेले सुखदेवकाका हात जोडून पुढे आले. त्यांचा धाकटा भाऊ अकोल्याला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता.

"काहून थांबला रे बाप्पा? तो आला ना सुखरूप!"

"काका, पाणी दिसते. खाली रस्ता हाये का वाहून गेला, थे मले दिसून नाई राहिलं. गाडीत चाळीस माणसं हायेत."

पाणी उतरायला चार तास लागले. पुलाचा एक दगडही हलला नव्हता. काका अकोल्याला पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

तक्रार झाली, साहेबांनी खुलासा मागितला. दादांनी एकच ओळ लिहिली, तसंच पाणी असलं तर पुन्हा थांबीन. पण त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. पुढच्या सुट्टीला मला म्हणाले, "वंदनाताई, चला माझ्यासंग. त्या म्हाताऱ्याले तोंड दाखवून येऊ."

काकांच्या ओसरीवर दादा मान खाली घालून बसले. म्हणाले, "नवा होतो, तवा लोकांचं आयकून एकदा पाण्यात गाडी घातली होती. निघाली. लोकायनं टाळ्या वाजवल्या. पण मधात चाक सरकलं होतं, काका... थे मलेच मालूम."

काका मग म्हणाले, "भावाची भेट नाई झाली, थे मी इसरणार नाई. पण तू घरी आला. चहा घे."

पुढच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीला विचारून दादा आणि काका दोघांनी पुलाला खेटून सिमेंटचा खांब रोवला, रस्त्याच्या पातळीवर लाल रेषा ओढली. रेषा बुडाली की थांबायचं, समोरून कोणीही येवो.

गेल्या आठवड्यात पुन्हा झड लागली. रेषा दिसत नव्हती. नवा ड्रायव्हर न सांगता थांबला. छत्री घेऊन काका आले, ड्रायव्हरच्या खिडकीत डोकावले आणि मला म्हणाले, "पाऊस आला का देवरावचा फोन येते, पाणी कुठवर हाये म्हणून. या खेपेले नाई आला. बरा हाये ना?"

त्यांना कोणी कळवलंच नव्हतं... मी खाली उतरून सांगितलं.

काकांनी छत्री तेवढी माझ्या डोक्यावर धरली. आम्ही खांबाकडे पाहत उभे राहिलो. दीड तासानं रेषा वर आली, तेव्हा काकांनीच ड्रायव्हरला हात केला.

"जाय बाई," ते म्हणाले, "लोक खोळंबले हायेत."