कॉम्प्युटरची तारीख मी मागं केली होती

कम्युनिटीत नेट कॅफेवाले बरेच आहात, म्हणून लाज सोडून लिहितोय.

सकाळी कॉम्प्युटरची तारीख एक वर्ष मागं केली. टायपिंगच्या सॉफ्टवेअरची फुकटची मुदत संपली की आम्ही पाटोद्यातले कॅफेवाले हेच करतो. आज चालू कॉम्प्युटर तेवढा एकच होता.

तीन वाजता संगीता वडिलांबरोबर आली. वडील मेंढरं राखतात. तिला नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता, तो फक्त नेटवरच, आणि मुदत आज पाचपर्यंत.

पेज उघडेना. माझा मेलही उघडेना. मोडेम बंद-चालू केला, वायर बदलली, ब्राउझर काढून पुन्हा टाकला. दर वेळी म्हणालो, "लाईनच खराब हाय."

वडील म्हणाले, "आमी थांबतो भाऊ. तुमी घाई करू नका."

सव्वापाचला माझी नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. तारीख चुकली की ब्राउझर फॉर्मची, मेलची असली सुरक्षित पेजं उघडत नाही, हे मला तेव्हा कळलं. तारीख नीट केली आणि पेज लगेच उघडलं. त्यावर लिहिलं होतं, मुदत संपली आहे.

मी खरं काय ते सांगितलं. संगीता म्हणाली, "सर, मग पुन्हा मागं करा की तारीख. सकाळी केली तशी. लई न्हाई, एकच तास."

माझ्या कामासाठी मी तारीख वर्षभर मागं नेतो. तिच्यासाठी ती तासभरही जात नाही, हे तुम्ही तिला कसं सांगितलं असतं?