चमच्याचमच्यानं

"सूनबाई, शू झाली का?"

सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी आबा आमच्या दारात उभे राहून हा प्रश्न विचारायचे. तोही इतक्या खणखणीत आवाजात, की रांगेतल्या बाया हंडे खाली ठेवून माझ्याकडे बघायच्या. प्रश्न माझ्या दोन वर्षांच्या मुलीबद्दल आहे, हे पहिल्या दिवशी त्या बायांना ठाऊक नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. शिक्रापुरात ओळीने बांधलेल्या दहा खोल्यांपैकी एका खोलीत आम्ही भाड्याने राहायचो. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा. शेजारच्या खोलीत आबा राहायचे, मुला-सुनेबरोबर. दौंडकडच्या एका सरकारी दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर वॉर्डबॉयचं काम केलं होतं. रिटायर झाले तरी वॉर्ड काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाच्या घरात कुणी खोकलं, की यांच्या चपला पायात.

मुलीला जुलाब-उलट्या झाल्या होत्या. शिरूरला तीन दिवस सलाईन लावून आम्ही तिला घरी आणलं. बरोबर ओआरएसच्या पुड्या होत्या. मी पेलाभर पाण्यात अंदाजाने निम्मी पुडी ढवळत होते. आबांनी दारातूनच विचारलं, "किती पान्यात?"

"पेलाभर."

त्यांनी पेला घेतला आणि सरळ मोरीत ओतला. "एक पुडी, एक लिटर पानी. उकळून गार केलेलं. दाट झालं तर जुलाब वाढत्यात."

लिटरचं माप माझ्याकडे नव्हतं. आबा गेले आणि दूधवाल्याचं माप घेऊन आले. दूधवाला दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी दूध घातल्यावर त्यानेच ते घासून आमच्या उंबऱ्यावर ठेवलं.

पाजायचं कसं, तेही त्यांनीच शिकवलं. "चमच्याचमच्यानं. पोरीनं वकलं तर घाबरायचं न्हाई. धा मिन्टं थांबायचं, आन् परत सुरू." भरवण्याआधी साबणाने हात धुवायचे, हा दुसरा नियम. नवरा कंपनीतून आला आणि त्याने लेकीला उचलायला हात पुढे केले, की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "हात." भिंतीतून त्यांना कसं दिसायचं, कोण जाणे.

सासूबाई राहू गावाहून आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, पोट बिघडलंय तर दोन दिवस खायला काही देऊ नये. आबा नम्रपणे म्हणाले, "आक्का, पोटात काय गेलं न्हाई, तर अंगात ताकद कुठनं यायची? मऊ भात द्या, दही द्या, केळं द्या."

"तुमी डाक्टर हाय का?"

"न्हाई. डॉक्टर राउंड मारून जायचे. आमी तिथंच बसायचो."

सासूबाई उठल्या आणि त्यांनी भाताचं आधण ठेवलं. मुलीने चार घास खाल्ले, तेव्हा "मीच कालवलाय," असं त्यांनी आबांच्या सुनेला दोनदा सांगितलं.

पण त्याच दुपारी जुलाब पुन्हा सुरू झाले. दिलेला प्रत्येक चमचा बाहेर पडू लागला. नवरा कामावर होता. आबा आले. सकाळपासून शू नाही, हे ऐकून त्यांनी तिची जीभ पाहिली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच सपाट न होता हळूहळू खाली बसली. मुलगी रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आता चमचा पुरं," ते हळू आवाजात म्हणाले. "उठा, दवाखान्यात चला."

आबांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. दवाखाना हायवेच्या पलीकडे होता, आणि चौकात ट्रकांची रांग थांबत नव्हती. आबांनी मुलीला खांद्यावर घेतलं, एक हात वर केला आणि सरळ रस्त्यात उतरले. ट्रकवाल्यांनी ब्रेक मारले, शिव्या घातल्या. आबांनी मान वळवली नाही. त्यांच्यामागून मी आणि सासूबाई पळत होतो.

पुन्हा सलाईन लागलं. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी आबा तिला मांडीवर घेऊन बसले असताना त्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या पायजम्यावर ओला डाग पसरला. मी धावले, तर त्यांनी हाताने मला थांबवलं. "होऊ द्या पुरती." मग दारातल्या नर्सकडे बघत म्हणाले, "सिस्टर, झाली." एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

आठवड्याभरात मुलगी येता-जाता खायला मागू लागली. आबा खूश.

पुढे त्यांच्या मुलाने दौंडला घर बांधलं आणि ते सगळे तिकडे गेले. सहा वर्षांनी मुलीला घेऊन मी त्यांना भेटायला गेले. आबा खूप थकले होते. ओसरीवरच्या खाटेवर त्यांना गाढ झोप लागली होती. सून उठवायला निघाली, मी नको म्हटलं. आम्ही आत चहा घेतला. बाहेर आले, तर मुलगी खाटेजवळ बसून ओढणीने त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होती.

"कोण आहेत गं हे?" तिने हळूच विचारलं.

"सांगते," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.