घाटातला धुपाचा वास

"टेप बदलूचो नाय हां, बाय. फोनातला भजन ह्याच टेपात वाजाक व्हया. आणि आजच. उद्या कोल्हापुराक जावचा आसा."

मालवणचे परबकाका दुकानात पाय ठेवता ठेवताच हे सांगून मोकळे झाले. कणकवलीत हायवेला लागून माझं कार ऑडिओ आणि वायरिंगचं दुकान आहे. आयटीआय झाल्यापासून हेच करते. बाईमाणूस डॅशबोर्डखाली उताणी पडलेली बघून काही गिऱ्हाइकं अजून बिचकतात. काका बिचकले नाहीत. त्यांना घाई होती.

मागून काकी आल्या. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला, हातात पाण्याची बाटली. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू होती आणि केमोसाठी फोंडाघाट चढून कोल्हापूरला फेऱ्या. घाटात रेडिओ लागत नाही. इअरफोन घातला की काकींना मळमळायचं. वाडीतल्या बायकांच्या भजनी मंडळात काकी बुवा, म्हणजे मुख्य गाणाऱ्या. त्या आजारी पडल्यापासून बाकीच्या बायका भजन फोनवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवायच्या.

"ता आयकत रवला की घाट कसो सरता ता कळणा नाय," काकी म्हणाल्या. "नायतर माका त्या वळणांची भारी भीती."

काकांचा 'टेप' म्हणजे गाडीतला कंपनी फिटेड स्टिरिओ. रेडिओ आणि सीडी, बस. फोन लावायला जागाच नाही. नवा बसवायचा तर डॅशबोर्ड कापावा लागला असता. पण अशा काही स्टिरिओंना मागच्या बाजूला एक रिकामं सॉकेट असतं, सीडी चेंजरसाठी. चेंजर म्हणजे डिकीत बसणारा, बऱ्याच सीडी मावणारा डबा. आता तो कोणी वापरत नाही. त्या सॉकेटमध्ये एक अ‍ॅडॅप्टर लावायचा. स्टिरिओला वाटतं चेंजर जोडलाय, आणि आपण त्यातून खुशाल फोनचा आवाज सोडायचा. चहा निवायच्या आत होणारं काम.

"ह्याच्याआधी काय लावलेलास?" मी सवयीनं विचारलं.

"लायटरच्या सॉकेटात तो फोन रेडिओर वाजवणारो एफएमवालो लावन बघलव. नुसती खरखर. वर टेपाचो फ्यूज उडाक लागलो. मगे रस्त्यार एका मेकॅनिकान फ्यूजाच्या जाग्यार वायर घालून दिल्यान. तेच्यानंतर एकदाय उडाक नाय!"

हे त्यांनी अगदी कौतुकानं सांगितलं. माझं डोकंच फिरलं. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. नको तेवढा करंट गेला की तो आधी जळतो आणि बाकीची गाडी वाचते. त्याच्या जागी वायर घालणं म्हणजे कुत्रा रात्री भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधून ठेवणं. चोर आला होता का, हे कोणी बघायचंच नाही.

मी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. मग स्टिरिओच्या दोन्ही कडांना तो सोडवायच्या चपट्या चाव्या घालून ओढला. अर्धा आला आणि अडला. खालच्या फटीतून थोडे तांदूळ माझ्या मांडीवर पडले.

"रव गो! हात लावू नको!" काकी खुर्चीवरून उठल्याच. "ता देवाचा आसा."

प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी काका-काकी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालत. देवळातून अंगाऱ्याची पुडी मिळे. आत अंगारा, तांदूळ, खोबऱ्याचा तुकडा, धुपाचा खडा. काकी ती पुडी स्टिरिओखालच्या कप्प्यात ठेवायच्या, देव पुढे बसावा म्हणून. आणि पुढच्या फेरीपर्यंत पुडी गायब झालेली असायची.

"देव घेता ती," काकी म्हणाल्या.

कप्प्याची मागची झडप तुटलेली होती. पुड्या सरळ स्टिरिओच्या मागे जात होत्या. पण तसं बोलायची ती वेळ नव्हती. गाऱ्हाणं घातल्याशिवाय काकी हात लावू देईनात. काकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझ्या अंगाऱ्याक हात लावल्यान, काय चुकला माकला तर पदरात घे आणि उद्याची फेरी सुखाची कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकी म्हणाल्या. मीही म्हणाले, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन.

मग मी पहिली पुडी बाहेर काढली. ती अर्धी काळी होती. दुसरी तर हातात आली तेव्हा नुसती राख. मी टॉर्च आत मारला.

आत उंदरानं घर केलं होतं. खोबरं आणि तांदूळ असे बसल्या जागी मिळाल्यावर तो कशाला जातोय? खाऊन झाल्यावर त्यानं वायरी कुरतडल्या होत्या. बॅटरीकडून थेट येणाऱ्या, गाडी बंद असतानाही चालू राहणाऱ्या वायरचं तांबं उघडं पडलं होतं. शेजारच्या लोखंडी पट्टीवर ठिणग्यांनी खड्डे पाडले होते. आणि त्या सगळ्याभोवती कागद, कापूस, धूप. इतकी वर्षं हे काम करतेय, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

"काका, गाडीत जळल्याचो वास नाय इलो कधी?"

उत्तर काकींनी दिलं. "जळल्याचो नाय गो. धुपाचो. घाट लागलो की येता. देव सोबत आसा म्हणान मी तेवढोच धीर धरतंय."

घाटातल्या वळणांवर स्टिरिओ हलायचा, उघडी वायर पट्टीला टेकायची, ठिणगी पडायची आणि पुडीतला धूप जळायचा. फ्यूज असता तर पहिल्याच ठिणगीला उडाला असता. तो बिचारा उडत होता तेच सांगायला.

"तुमी जळती चूल मांडयेर घेवन घाट चढत होतास, काका!" मी ओरडलेच. मग सगळं एकेक करून दाखवलं. काका दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. काकींनी मात्र ती काळी पुडी हातात घेतली.

"मगे इतक्या फेऱ्यात आमी पेटलव नाय," त्या हळूच म्हणाल्या, "ता कोणामुळे?"

मी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. वायरिंग नवं ओढलं, वर स्लीव्ह चढवली, योग्य फ्यूज बसवला, कप्प्याची मागची बाजू जाळी लावून बंद केली. पुडीसाठी झाकणाची छोटी स्टीलची डबी डॅशबोर्डवर, वायरींपासून लांब, पक्की केली. जुन्या पुड्या काकींनी रुमालात बांधल्या, वाहत्या पाण्यात सोडायला. शेवटी अ‍ॅडॅप्टर लावला, फोन जोडला. टाळांचा आवाज चारी स्पीकरमधून आला आणि काकी बसल्या जागी बायकांच्या मागून गायला लागल्या. दम पुरत नव्हता, तरी गात होत्या. काका तोंड फिरवून हायवेकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी घाट चढून वर पोचल्यावर काकींचा फोन आला.

"ताई, आज वास नाय इलो गो."

"बरा झाला मा, काकी?"

"बरा झाला. पण आज पयल्यांदा माका घाटात एकटा वाटला. मगे ह्येंनी भजन मोठ्यान लावल्यानी. आणि सोताच गावक लागले. बेसूर, मेले! हसान हसान माझ्या डोळ्यांक पाणी इला."

मी दुकानात फोन धरून उभी होते. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि समोर एक गिऱ्हाईक हॉर्न दुरुस्तीसाठी ताटकळत होतं.

तेव्हापासून टेपच्या कामाला आलेल्या प्रत्येकाला मी आधी फ्यूज दाखवायला लावते. आणि एक सांगते. गाडीत धुपाचा वास आला तर नमस्कार जरूर करा. पण आधी गाडी थांबवा, खाली उतरा, बॅटरीची वायर काढा, आणि मग हात जोडा.